अंटाचं औषध

बायको गेली तेव्हा माझा उजवा हात अजून जेवायच्या कामाचा झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी हसण्यावारी बरंच बोलणार आहे, कारण ती होती तोवर आमच्या घरात हसण्यासारखंच जास्त घडायचं. ते सोडून नुसतं रडगाणं लिहिलं तर खोटं होईल, आणि तिला ते आवडलंही नसतं.

बिदर जिल्ह्यात जनवाड्याजवळ आमचं घर. बापजाद्यांची मेंढरं होती, माझ्यापाशी चार शेळ्या उरल्या. त्यांना पाला काढायला लिंबावर चढलो होतो. ज्या फांदीवर उभा होतो तीच तोडली असं गावात सांगतात, ते खोटं आहे. शेजारची तोडली, ती जाताना मला घेऊन गेली. खाली शेळी उभी होती. मी यायलोय बघून ती बाजूला सरकली, आणि मी पडल्यावर माझ्या छातीवरचाच पाला खायला लागली. बायको पळत आली. आधी तिनं शेळीला हाकललं, मग मला विचारलं, "लागलं का वं?"

मला मान हलवून व्हय म्हणायचं होतं. मान हलली नाही. हात हलले नाहीत. पाय तर शेजाऱ्याचे असल्यासारखे नुसते पडून होते.

मुलगा ट्रकवर, कुठंतरी गुजरातेत होता. त्यामुळं बिदरहून हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात मला घेऊन गेली ती बायकोच. तिथल्या डॉक्टरनं मानेचे फोटो बघितले. माणूस हैदराबादचाच, बोली आमच्या बिदरच्या बाजारातली. "चाचा, नस कटे नै, दबे सो है," म्हणाला. पाय आधी येतील, हात मागून येतील, आणि हाताचं किती येईल ते आत्ता सांगता येत नाही.

बायकोनं त्याला एकच विचारलं. "हातानं जेवतील का?"

माझ्या चालण्याचं तिला काही पडलं नव्हतं. चालून मी जाणार कुठं, तर पारावर पत्ते खेळायला. जेवणाचं मात्र तिच्या जिवाला लागलं. डॉक्टर म्हणाला, की एक नवं औषध आहे. अजून दुकानात मिळत नाही, माणसांना देऊन बघणं चाललंय, की गुण येतो का न्हाई. चेचलेल्या नसा परत वाढायला बघतात, पण मणक्यात एक पदार्थ असतो, तो त्यांना पुढं जाऊ देत नाही. हे औषध कमरेतून सुईनं पाठीच्या पाण्यात सोडायचं. ते जाऊन त्या अडवणाऱ्याला धरतं आणि त्याचं तोंड बंद करतं.

मग बायकोला कळावं म्हणून तो सावकाश बोलला, "अँटीबॉडी बोलते उसको, अम्मा. जाके चिपक जाती."

सगळा घोटाळा इथं झाला. माझी बायको मादन हिप्परग्याची, आळंदकडची. माहेरात कन्नड. लग्नाला उभा जन्म झाला तरी शेळ्या मोजायची कन्नडात, माझ्याशी भांडायची मराठीत. आता कन्नडात डिंकाला म्हणतात अंट. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, ते अंटिन उंडी. तिनं 'अँटी' ऐकलं आणि त्याच दमात 'चिपक' ऐकलं. तिचं तोंड उजळलं.

"अंट हाय म्हणा की," ती मला म्हणाली. "मंग इतकं लांबण कामून लावायलाय ह्यो? नस चेचलीय, अंट लावायचं, नस जुळायची."

"अगं, त्यो औषधाचं नाव सांगायलाय."

"नावच सांगायलाय की. अंट बाडी. बाडीला लावायचं अंट." मग डॉक्टरला म्हणाली, "डिंकच ना हो ते, चिकटायचा?"

डॉक्टरला कुणाला तरी दुसऱ्या खाटेवर बघायचं होतं. "हौ अम्मा, वैसाच कुछ," म्हणाला आणि निघाला. झालं. खुद्द मोठ्या डॉक्टरनं हौ म्हटल्यावर मी कोण?

परत आला तेव्हा त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. काही जणांना औषध देणार, काही जणांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते आधी कळणार नाही. तसं केल्याशिवाय औषधानं गुण आला का आपसूक आला ते समजत नाही. व्यायाम आणि बाकीचा इलाज सगळ्यांना सारखाच. नको म्हणालात तरी इलाज थांबणार नाही.

"तुम्हाला तर म्हाईत असंल की, मला काय द्यायलाव ते," मी म्हणालो.

"नै चाचा. मेरे कू बी नै मालूम."

"मंग कुणाला म्हाईत हाय?"

"कंप्यूटर कू."

बायको माझ्या कानापाशी वाकली. "डाक्टर बरा दिसतोय, पर त्याच्या हातात काय न्हाई बघा. आपल्या सोसायटीच्या चेअरमनसारखं हाय." तरी तिनं हो म्हणायचं ठरवलं. कागदावर अंगठा हवा होता. अंगठा माझा, पण तो उचलून, शाईत बुडवून, कागदावर दाबला तिनं. डॉक्टरनं मला पुन्हा तोंडानं विचारून घेतलं, तुम्हाला मंजूर आहे का. लग्नानंतर माझी मंजुरी कुणी विचारली ती ही पहिलीच वेळ, म्हणून मी पटकन हो म्हणालो.

सुई द्यायची वेळ आली की मला कुशीवर वळवायचे आणि गुडघे पोटाशी धरायचे. बायको पायथ्याशी उभी राहून बाटलीकडं टक लावून बघायची. बाटली झाकलेली असायची. तिनं नर्सबाईकडं वास घ्यायला मागितली, ती काही मिळाली नाही. पण नळीतून उतरताना तिनं एकदा बघून घेतलं आणि मला येऊन सांगितलं, "पातळ हाय. पाणीच हाय. अंट असतं तर तार धरली असती."

"सुईतून जायचं म्हणजे पातळच करणार की."

"तुम्हाला पाठीमागचं काय दिसतंय?"

मग ती कपडे आणायचं निमित्त करून गावी गेली आणि पत्र्याचा डबा भरून अंटिन उंडी घेऊन आली. डिंक, खोबरं, खारीक, गूळ, तूप, सगळं जसं बाळंतिणीला करतात तसं. तिचा हिशोब सरळ होता. दवाखान्यानं अंट दिलं असेल तर बरंच आहे. पाणी दिलं असेल तर अंट आपण वरून द्यायचं.

भरवायची तीच. तिचं भरवणं म्हणजे एक खेळ होता. घास हातात घेऊन ती 'आ' म्हणायची, आणि स्वतःचंच तोंड माझ्याहून मोठं उघडायची. मग मधेच तिला काहीतरी आठवायचं. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीला काय झालं. घास हवेत, माझं तोंड उघडं, आणि म्हैस काही केल्या व्यायची नाही. मी तोंड मिटलं की ती म्हणायची, "आता कामून मिटलाव?" आणि घास मिशीला लावायची.

शेजारच्या खाटेवर एक मिस्त्री होता, स्लॅबवरून पडलेला, त्याच्याही मानेलाच लागलेलं. त्यालाही हेच औषध, नाहीतर हेच पाणी, चालू होतं. बायकोनं त्यालाही उंडी भरवली, कारण एका खाटेला देऊन दुसऱ्याला न देणं तिला जमायचं नाही. पुढं सगळ्या वार्डात उंडी फिरली. काही दिवसांनी मिस्त्री मला हळूच म्हणाला, "अण्णा, एक इचारू का? हे बाळंतिणीचं खाणं हाय ना?"

"व्हय."

"न्हाई, काल धरनं छातीला ठणका लागायलाय. दूध तर उतरत नसंल ना?"

मी इतका हसलो की मानेचा पट्टा वाजायला लागला. नर्सबाई धावत आली. बायकोनं मिस्त्रीला सांगितलं, दूध उतरलं तर वार्डाच्या चहाचं बघू, पर बोटं हलली पाहिजेत.

खाली व्यायामाची खोली होती. तिथली मुलगी कलबुर्गीची, मला अज्जा म्हणायची. मऊ मातीचा गोळा दाबायला द्यायची, कपड्यांचे चिमटे दाबायला लावायची. मग ताटलीत हरभरे टाकून एकेक उचलायला लावायची. कपाळाला घाम फुटायचा, हरभरा जागचा हलायचा नाही. मी म्हणायचो, "अक्का, ह्यो चिकटवलाय तुम्ही." ती म्हणायची, "अज्जा, ह्यो पण मोकळा हाय अन् तुमचं बोट पण मोकळं हाय. दोघांची ओळख व्हायची हाय अजून." बायकोनं काही दिवस हे बघितलं आणि गावी जाऊन आली तेव्हा घरची तूर घेऊन आली. "उचलायचंच हाय तर ह्यातले खडे उचला. तेवढंच निवडून होईल." तूर बारीक असते म्हणून मुलगी पुढं मला तीच द्यायला लागली. बोटं वाकत नव्हती, मनगटानं खडे बाजूला सारत मी महिनाभर दवाखान्यात घरची डाळ निवडली. माझ्या आईनं हे बघितलं असतं तर सुनेला काही बोलली असती.

त्या मुलीला कन्नड येत होतं, म्हणून अंटाची गोष्ट तिलाच पहिल्यांदा कळली. बायको तिला सांगायला गेली, की ह्यांना अंट कमी पडायलंय, वरून देतेय. मुलगी आधी ऐकत राहिली, मग खाली बसली, मग तोंडाला ओढणी लावली. हसून झाल्यावर तिनं नीट समजावलं. अज्जी, ते अंट न्हाई. अँटीबॉडी. आपल्या रक्तात पण असतेत, रोगाला धरायचं काम करतेत. ही एक त्यातलीच, पण कारखान्यात बनवलेली, एकाच कामाची.

"मंग जाऊन चिकटती का न्हाई?"

"चिकटती."

"मंग अंटच की," बायको म्हणाली.

मुलीनं वाद सोडला. पण रुग्ण काय खातो ते डॉक्टरला सांगावं लागतं, म्हणून तिनं सांगितलं. डॉक्टर आला. डब्याचं झाकण उघडून एक उंडी उचलली, वास घेतला, तोडून बघितली, आणि बघता बघता खाल्ली. मग म्हणाला, लाडवाला हरकत नाही, पण लाडू पोटात जातो, पाठीच्या नसेत जात नाही. आणि जरा कमी, कारण चाचांना उचलणारी पोरं माझ्याकडं तक्रार घेऊन आली आहेत.

"पोटातनं सगळीकडं जातंच की," बायको म्हणाली. "न्हाईतर बाळंतिणीच्या कमरेला कामून लागू पडतंय?"

"हौ अम्मा," म्हणाला, आणि आणखी एक घेऊन गेला.

पाय आले. डॉक्टरनं सांगितलं तसेच, आधी पाय. चालायच्या चौकटीवर कोपरं टेकून मी चालत घरात शिरलो. शेळ्या तशाच उभ्या होत्या, कुणी विचारपूस केली नाही. हाताची बोटं मात्र नुसती लटकायची. आणि एक दिवस ओट्यावर बसलो असताना पहिलं बोट वाकलं. मी बायकोला हाक मारली. तिनं दोन-चारदा वाकवायला लावलं, नीट खात्री केली आणि म्हणाली, "अंट लागलं."

"कुणाचं? त्यांचं का तुझं?"

"त्यांचं तर पाणी होतं. माझंच."

"व्यायामाचं काय? मी मरमर तूर निवडली ते?"

"तूर मी आणली होती."

ह्यावर आमचं रोज भांडण. मी म्हणायचो व्यायाम, ती म्हणायची उंडी. मिस्त्रीचा फोन यायचा, त्याचा अंगठा हलायला लागला होता, तो दोघांनाही हो म्हणायचा. औषधाच्या बाजूनं आमच्या घरात कुणीच नव्हतं, त्या बिचाऱ्यावर इतकी मोठी माणसं खपायली तरी.

व्यायामाला मी कंटाळा केला की ती एकच बोलायची. "मी मेल्यावर तुम्हाला कोण भरवणार? सून?" आणि आम्ही दोघं हसायचो, कारण सून माझ्याशी बोलतच नव्हती. रागानं नाही, रीतीनं. आमच्यात सून सासऱ्यापुढं पदर नाकापर्यंत ओढते आणि त्याला थेट बोलत नाही. मला काही सांगायचं असलं की ती शेळीला सांगायची. "मामांचा चहा ठेवलाय म्हणावं." शेळी माझ्याकडं बघायची. मी शेळीला सांगायचो, साखर कमी टाक म्हणावं. बायकोला ह्यात काही वेडंवाकडं दिसत नव्हतं, तीही माझ्या आईसमोर तशीच वागलेली.

मग ती गेली. ताप आला, छाती भरली, बिदरला नेली, तिथून तशीच परत आणली. लोक म्हणाले, सुटली. कशातनं सुटली ते कुणी सांगितलं नाही. ती काही अडकलेली नव्हती, तिला यायचं होतं घरी. मुलगा आला, सगळं केलं, दिवस झाल्यावर परत ट्रकवर गेला. तोवर माझी बहीण भरवत होती. तीही आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून थाळी घेऊन माझ्यापुढं बसली. पदर नाकापर्यंत. मी बघितलं, तिनं घास उचलला, आणि तो घास माझ्या कानाकडं आला. पदरातून तिला तोंड दिसत नव्हतं. ती मागं वळून शेळीला म्हणाली, "मामांनी तोंड उघडावं म्हणावं."

"उघडंच हाय," मी शेळीला सांगितलं. "जरा खाली ये म्हणावं."

पुढचा घास हनुवटीला लागला. त्याच्या पुढचा नाकाला. "मामांनी हलू नये म्हणावं." मी काही हलत नव्हतो. आमचं हे चालू असताना मधली शेळी कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ह्या घोटाळ्यात पडली असावी, ती सरळ पुढं आली आणि थाळीतली भाकरी घेऊन गेली. सून हसली. पदराआड हसली, पण मला ऐकू आलं. मी पण हसलो. मग तिचं हसणं मधेच बदललं. ती रडायलीय हे कळायला मला वेळ लागला, कारण मी पण तेच करत होतो.

"थाळी खाली ठेव, बाई, अन् आत जा," मी तिला म्हणालो. थेट तिलाच.

त्या दिवशी मी दूध पिऊन राहिलो, पेल्याला दोन्ही मनगटं लावून.

तपासणीला हैदराबादला जायचं होतं. व्यायामाच्या मुलीनं दारातच विचारलं, "अज्जी कुठं हायत?" मी सांगितलं. तिनं खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली, माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि थोड्या वेळानं त्याची बोटं वाकवून बघायला लागली. दुसरं काय करणार ती.

तिनं मला जाड दांड्याचा चमचा दाखवला. मी म्हणालो, चमच्यानं ज्वारीची भाकरी खाणारा माणूस मी अजून बघितला नाही. मग तिनं भाकरीची रीत शिकवली. डाव्या मुठीनं भाकरी दाबून धरायची. उजव्या अंगठ्यानं आणि पुढच्या दोन बोटांनी कड चिमटायची, पण तोडायची नाही, नुसता हात आपल्याकडं ओढायचा, ती आपोआप तुटते. घास मोठा करायचा नाही. हात तोंडाकडं न्यायचा आणि तोंड हाताकडं, दोघांनी अर्ध्या वाटेत भेटायचं. तिनं डबा आणला होता, तिच्याच भाकरीवर मी सराव केला. ती उपाशी राहिली असेल त्या दिवशी.

डॉक्टरनं सगळं बघितलं, सुया टोचल्या, बोटं मोजली. शेवटी म्हणाला, एक सवाल सगळ्यांना विचारावा लागतो. चाचा, तुम्हाला काय वाटतं, औषध मिळालं का पाणी?

"पाणी," मी म्हणालो.

ती जिवंत असती तर मी असं म्हणालो नसतो. भांडणात एवढं हातचं सोडणारा माणूस मी नाही. डॉक्टरनं पाणी असं लिहून घेतलं. त्यालाही अजून माहीत नव्हतं.

घरी आल्यावर सुनेनं थाळी ठेवली आणि दारामागं गेली. शेळ्यांना मी आधीच बांधायला लावलं होतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत वरण. डाव्या मुठीनं भाकरी दाबली. उजव्यानं कड चिमटली, ओढली. सुटली. परत चिमटली. तुकडा आला. वरणात बुडवताना निम्मं वरण धोतरावर गेलं. हात वर चालला, मी खाली वाकलो, दोघं भेटलो, पण मिशीपाशी. पुढचा घास तोंडात गेला.

तो मी बराच वेळ चावत बसलो. मग दुसरा. घास हवेत थांबत नव्हता, मधे म्हैस नव्हती, कुणाची सून माहेरी गेली नव्हती. नुसतं जेवण चाललं होतं, बिनबोलाचं. दारामागून सून भिंतीला म्हणाली, "मामांना भाकरी वाढू का?" मी वाढ म्हणालो. ती संपली, तिनं परत विचारलं, मी परत वाढ म्हणालो. नको कधी म्हणायचं ते मला कळेना. पोट भरलंय का नाही, इतके दिवस ते माझ्या तोंडाकडं बघून बायकोच ठरवत होती. मी आपला वाढ म्हणत गेलो आणि खात गेलो. सूर्य डोक्यावर आला तोवर टोपलीतल्या भाकरी संपल्या, सुनेच्या वाटणीची सुद्धा.

मग संध्याकाळपर्यंत ओट्यावर पोट धरून पडलो. धरलं होतं ते उजव्या हातानं.